मधल्या नावाची भानगड

माझी पोरगी जन्मली त्या दिवशी हिंगोली जिल्ह्यात रणजीत राठोड नावाचे एकोणीस पुरुष होते. हा आकडा मी अंदाजे ठोकून देत नाही. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात लिपिक आहे, याद्या करणं हे माझं कामच आहे, आणि हे एकोणीस मी स्वतः शोधून काढलेत. त्यातला एक मी. बाकीच्या अठरा जणांनी मला जन्मभर जो मनस्ताप दिला, त्याची भरपाई कुठल्याही योजनेत बसत नाही.

एक-दोन नमुने सांगतो. माझी पहिली सोयरीक मोडली. का? तर पोरीकडची मंडळी चौकशीला गेली ती वसमतच्या रणजीत राठोडच्या गल्लीत. तो गडी त्या दुपारी भर रस्त्यात स्वतःच्याच मोटारसायकलीशी भांडत होता, आणि मोटारसायकल त्याला भारी पडून राहिली होती. दुसरा नमुना याहून वाईट, आणि तो पोरगी झाल्यानंतरचा. सेनगावकडचा एक रणजीत राठोड वारला आणि माझ्या दारात बावीस माणसं येऊन उभी राहिली. मी ओट्यावर चिवडा खात बसलेलो. मला जिवंत बघून त्यांना आनंद व्हायला पाहिजे होता की नाही? पण लांबून जीप करून आलेला एक म्हातारा माझ्याकडं रागानं बघत म्हणाला, "मग आमाला काहून बोलावलं?" आता मी कशाला बोलावू! मी त्याला चिवडा दिला. त्यानं तो घेतला, एवढं मात्र खरं.

आम्ही तांड्यावरची माणसं. आमची आडनावं मोजकी: राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे. आमच्या कॉलेजात हजेरी घेताना 'राठोड पुजा' म्हटलं की अर्धा बाक उभा राहतो. म्हणून पोरगी झाली तेव्हाच मी ठरवलं की आडनावाचं आपण काही करू शकत नाही, पण पुढच्या दोन जागा, पहिलं नाव आणि मधलं नाव, अशा भरायच्या की तिच्यासारखी दुसरी जिल्ह्यात सापडू नये. परीक्षेत, दवाखान्यात, लग्नात, कुठंच माझ्या लेकीला कुणी दुसरीच समजू नये. यात मी काय जगावेगळं मागितलं?

नाव सापडलं मात्र दुसऱ्याच दिवशी, आणि ते मला नाही, माझ्या बायकोला, मिनाला. फाल्गुनाचे दिवस होते, वारंगा फाट्याच्या पुढं आमच्या तांड्याच्या माळावर पळस फुललेला. पळसाच्या फुलाला आमच्या बोलीत केसुला म्हणतात. मिना दवाखान्याच्या खाटेवरून म्हणाली, "केसुला ठेवू." माझी आई, जिला आम्ही याडी म्हणतो, ती लेकराच्या तोंडावरून बोटं मोडत म्हणाली, "ब्येस हाये. ठेवा की मग."

इथंच मी हो म्हणालो असतो तर ही गोष्ट तुम्हाला ऐकावी लागली नसती. पण माझ्यातला लिपिक म्हणाला, आधी खात्री करा.

मी खात्री करायला निघालो. कॉलेजचं दहा वर्षांचं रजिस्टर तपासलं. अंगणवाडीच्या ताईंना भेटलो. लसीकरणाच्या दिवशी रांगेतल्या एकेका आईला विचारलं, "ताई, तुमच्या पाहण्यात केसुला नावाची पोरगी हाये का?" तीन-चार व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'केसुला (म्हणजे पळसाचे फूल) या नावाची मुलगी कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.' खाली माझा मोबाईल नंबर. सगळीकडून एकच उत्तर आलं, "न्हाई बा, पन नाव लई झ्याक हाये." मला वाटलं, वा, खात्री पटली.

दोन महिन्यांत काय झालं ते सांगतो. वारंगा फाट्यावर केसुला ब्युटी पार्लर निघालं. लसीकरणाच्या रांगेतल्या दोन बायांनी आपापल्या पोरींची नावं केसुला ठेवली. जवळा बाजारहून माझ्या आत्याचा, मोतीबाईचा, फोन आला की तिच्या शेजाऱ्यानं नवी म्हैस आणली, तिचं नाव केसुला. आणि कडेलोट म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे खिल्लारे गुरुजी एके दिवशी पेढे घेऊन आले. त्यांची सून राणी बाळंत झाली होती. "नात झाली बरं का! नाव ठेवलं केसुला."

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. "गुरुजी, हे नाव आमचं होतं!"

"तुमचं कसं?" गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, मुद्दा सोडणार नाहीत. "तुम्हीच तर दारात येऊन विचारलं, या नावाची कुणी आहे का? आम्ही म्हटलं, नाही. मग म्हटलं, नाही तर आपण ठेवू."

यात चूक कुठं काढणार? मी पेढा खाल्ला. गुरुजींना माझी दया आली असावी. ते म्हणाले, "अहो, पहिल्या नावाचं एवढं मनावर घेऊ नका. माणूस ओळखू येतो मधल्या नावावरून. आमची केसुला आयुष खिल्लारे, तुमची केसुला रणजीत राठोड."

"रणजीत राठोड एकोणीस आहेत, गुरुजी. म्हणजे अठरा. एक वारला."

"आता आईचंही नाव मधे लावतात की."

"मिना राठोड एकतीस आहेत."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "मग राजपत्रात जाहिरात द्या आणि तुमचं स्वतःचंच नाव बदलून टाका!"

गुरुजी हे वैतागून बोलले होते, हे मला पुढं कळलं. त्या वेळी मात्र मला वाटलं, याला म्हणतात अनुभवी माणूस. पोरीचं मधलं नाव म्हणजे बापाचं नाव. बापाचं नाव दुर्मिळ करा, पोरीचं आपोआप होतं. इतकी सरळ गोष्ट मला दोन महिने कशी सुचली नाही, याचंच मला आश्चर्य वाटून राहिलं होतं.

आता या वेळी मी शहाणा झालो होतो. कुणालाही काही विचारायचं नाही. मतदारयाद्या काढल्या आणि असं नाव शोधायला बसलो, ज्या नावाचा एकही राठोड आज जिवंत नाही. सगळी नवी नावं बाद. जुन्यातलं वसराम बाद, कारण आमच्या तांड्याचे नायकच वसराम. धनसिंग सात निघाले. शेवटी एक नाव उरलं, थावरा. माझ्या आज्याचं, म्हणजे बापाच्या बापाचं नाव. आजा जाऊन पंधरा वर्षं झाली. त्याच्यामागं कुणी ते नाव ठेवलेलं नाही. दुर्मिळ तर दुर्मिळ, वर वाडवडिलांचं स्मरण. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

मिनाला सांगितलं. ती पोरीला पायावर घेऊन तेल चोळत होती. हात न थांबवता म्हणाली, "याडीला विचारलं का?"

"विचारलं की पसरतं," मी म्हणालो. "याडीला सरप्राईज देऊ."

"आन् हिला काय म्हनायचं तवर? चार म्हैन्याचं झालं लेकरू. कार्डावर 'मिनाचं बाळ' लिवलंय. परवा नर्सबाईनं हाक मारली तर आमी तिघी मिना उठलो."

"बघ! हेच मी म्हणून राहिलो ना!" मी आनंदानं ओरडलो. मिनानं तेलाची वाटी जरा जोरात खाली ठेवली.

तहसीलच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या दुकानात निलम नावाची मुलगी ऑनलाइन अर्ज भरून देते. माझे कागद बघून ती म्हणाली, "सर, लोक जुनं नाव टाकून नवं घ्यायला येतात. तुमी तर उलटंच करून राहिले. रणजीतचं थावरा?" मी म्हटलं, हा आमचा घरगुती विषय आहे. तिनं मान हलवून प्रतिज्ञापत्र, फोटो, सही असं एकेक चढवायला सुरुवात केली. फोटो दोनदा परत आला. पहिल्यात माझे कान दिसत नव्हते, दुसऱ्यात फक्त कानच दिसत होते. प्रतिज्ञापत्रात तारखेची खाडाखोड निघाली, म्हणून नवं. मग सही कागदाच्या चौकटीबाहेर गेली, म्हणून आणखी नवं. असं करत करत पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि मार्गशीर्षात एकदाचं राजपत्रात छापून आलं.

नंतर आधार बदललं, पॅन बदललं. कॉलेजात तर मजाच झाली. थावरा राठोड हे नाव हजेरीपटावर चढलं, पण रणजीत राठोड उतरायचं राहिलं. महिनाअखेर रणजीत राठोडला गैरहजेरीबद्दल मेमो निघाला. जावक माझ्याकडंच असल्यामुळं तो मेमो मीच जावक केला, मीच पोहोचवला, मीच घेतला, आणि 'सदर कर्मचारी आढळून आला नाही' असा शेरा मारून परत पाठवला. इतकं सगळं मी हसत सोसलं. लेकीसाठी माणूस काय करत नाही!

राजपत्राची प्रत घेऊन मी घरी आलो तेव्हा याडी ओट्यावर सुपात गहू पाखडत होती. मी मिनाला म्हटलं, "वाच, मोठ्यानं वाच." मिनाला ते वाचायचं नव्हतं हे आता मला कळतं. पण तिनं वाचलं, "रणजीत मोहनसिंग राठोड, यापुढे थावरा मोहनसिंग राठोड."

याडीच्या हातातलं सूप थांबलं. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला. मग नाकापर्यंत. मग भिंतीकडं तोंड करून बसली. मला वाटलं, बाई भारावली.

आता मी काय विसरलो होतो ते सांगतो. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. आज्याचं नाव थावरा, आणि आमच्या बोलीत थावर म्हणजे शनिवार. म्हणून माझ्या याडीनं, नानीबाई मोहनसिंग राठोडनं, लग्न होऊन आल्यापासून शनिवारचं नावसुद्धा घेतलेलं नाही. ती म्हणते, "शुक्रवारच्या दुसऱ्या दिशी." मी लहान असताना शनिवारची सकाळची शाळा तिनं मला अशीच सांगितली. आजा गेला, बापू गेले, तरी आमच्या घरात शनिवार काही आला नाही. हे सगळं मला माहीत होतं. चाळीस वर्षं ऐकत होतो. आणि तरी नाव बदलताना एकदाही डोक्यात आलं नाही. याद्या करणाऱ्या माणसाचं असंच होतं, त्याला यादीतलं सगळं दिसतं आणि घरातलं काही दिसत नाही.

संध्याकाळी मला जेवायला हाक आली नाही. त्याऐवजी याडी पाळण्यातल्या पोरीला म्हणाली, "ए बाई, तुज्या बापाला म्हन, ताट वाढलंय." दुसऱ्या दिवशी मी घरात शिरलो तर याडी खाटेवरून उठून उभी. मी बसेपर्यंत बसेना. माझ्यासमोर पदर मागं सारेना, माझ्याआधी जेवेना. खोटं काहून बोलू, पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. चाळीस वर्षांत या घरात माझ्यासाठी कुणी उठून उभं राहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी दाढी न करता कॉलेजला निघालो आणि दारात थांबलो. आता मागून आवाज येणार, 'भिकाऱ्यावानी कुठं निघाला रे, दाढी कर आधी.' रोज येतो तो आवाज. आला नाही. मी उगीच चप्पल काढली, परत घातली. याडी पदराआडून खाली बघत उभी होती. मी दिवसभर कॉलेजात हनुवटी खाजवत बसलो, कशात जीव लागेना.

"याडी, तू मला रणजीतच म्हण की," मी आठवड्यानं हात जोडून म्हटलं.

ती पोरीकडं बघूनच बोलली. "ए बाई, तुज्या बापाला सांग, सरकारनं छापलं म्हंजी झालं. थोरल्यांचं नाव आंगावर घेतलंय त्यानं. आता मी तोंड वर करून कशी बोलू?"

"अगं, पण मी तुझा पोरगा आहे!"

"त्ये मला सांगतो का?" असं ती म्हणाली आणि पदराच्या आत तिचा आवाज जरा बदलला. मी चप्पल घालून बाहेर पडलो.

पण माझी खुमखुमी जिरली नव्हती. मी म्हटलं, बारसं होऊ दे, नातीच्या नावापायी म्हातारी विरघळेल. जन्मनोंदणीच्या खिडकीवरचे साहेब म्हणाले होते, वर्षाच्या आत नाव नोंदवा, नंतर कागदपत्रं वाढतात. वर्ष भरायला महिना उरलेला. पोरगी आता बसायला लागली होती, रांगत ओट्यापर्यंत जात होती, आणि 'ए' म्हटलं तरी बघायची, 'बाई' म्हटलं तरी बघायची, शेजारच्या केसुलाला हाक मारली तरी बघायची. मिना एकदा तिला कडेवर घेऊन मला म्हणाली, "तुमची एकोणीसची यादी व्हती ना, ही तिच्यात बी न्हाई. हिला नावच न्हाई." हे तिनं शांतपणे म्हटलं, म्हणून जास्त लागलं. मी माघातली तारीख ठरवली, आणि पूर्ण नावही: केसुला मिना थावरा राठोड.

बारसं तांड्यावर केलं. आमच्या घरची रीत अशी की घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं पाळण्यापाशी उभं राहून लेकराचं पूर्ण नाव तीनदा मोठ्यानं घ्यायचं, मग गूळ वाटायचा. पाळणा सजवला, बाया जमल्या, गूळ परातीत. याडी पुढं आली. म्हणाली, "केसुला." बाया हसल्या, छान झालं. "मिना." मिनानं मान खाली घातली. आणि मग याडी थांबली.

आम्ही वाट बघितली. परातीवर माशी बसली, कुणीतरी हाकलली. पोरगी पाळण्याच्या काठावर हात आपटायला लागली. याडीचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. मी मागून हळूच म्हटलं, "थावरा." त्याबरोबर समोरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम पदर ओढले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आजा तांड्यातल्या एकूणएक बाईला नात्यानं सासरा लागत होता. हे नाव घेऊ शकेल अशी एकही बाई तिथं नव्हती. जिल्ह्यात दुर्मिळ नाव मी शोधलं होतं खरं. इतकं दुर्मिळ, की ते तोंडानं घ्यायला माणूस मिळेना.

सोजराबाई नावाची एक चतुर म्हातारी म्हणाली, "लेकीला चालतंय की. बापाचं नाव लेक घेती. मोतीला फोन लाव." बराबर! मोतीबाई आत्या म्हणजे थावराचीच लेक. तिचं जवळा बाजारला भांड्यांचं दुकान, त्या दिवशी नेमका तिथला आठवडी बाजार, म्हणून आली नव्हती. मी फोन लावला आणि स्पीकर केला. बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"आत्या, गिऱ्हाईक बाजूला ठेव. फक्त तुज्या बापाचं नाव तीनदा मोठ्यानं घे."

"कुनाचं?"

"तुज्या बापाचं, आत्या. थावरा."

पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला. मग आत्याचा. "आज कशी आठवण काढली रे माज्या बापाची? थावरा! माजा थावरा बाप! अरे देवा, सासरी जाताना गाडीमागं चालत आला व्हता रे फाट्यापस्तोर!" आणि ती हंबरडा फोडून रडायला लागली. स्पीकर मोठा होता. इकडं सोजराबाईनं डोळ्याला पदर लावला. तिचं बघून दुसरीनं, दुसरीचं बघून तिसरीनं. पाच मिनिटांत पाळण्याभोवती तीस बाया मोठ्यानं रडून राहिल्या होत्या, आणि त्यांना बघून पोरीनंही भोकाड पसरलं. पारावर बसलेले वसराम नायक आणि पुरुष मंडळी धावत आली. "कोन गेलं? कोन गेलं?"

"कोणी नाही, नायक," मी म्हटलं. "बारसं आहे."

नायकांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती मी विसरू शकत नाही.

आणि मग रडता रडता याडी बोलली. या वेळी पोरीकडं बघून नाही, सगळ्यांसमोर. "तुमी सगळ्या मेलेल्यासाठी रडून राहिल्या. माजा तर जिता हाये, आन् मला त्येला हाक मारता येईना. दोन म्हैने झाले. ह्या पोटातून काडलेल्या लेकराला मला नावानं हाक मारता येत न्हाई. कुनाला सांगू?"

 फोनवर आत्याचंही रडणं थांबलं. मला वाटलं, जमीन फाटावी. दहा महिने मी ज्या नावासाठी धावलो, त्याची किंमत ही बाई देत होती, आणि मला वाटत होतं ती भारावली आहे.

मिना उठली. पोरीला पाळण्यातून उचललं, डोळे पुसले. "हिचं नाव केसुला. मधी मी, मिना. आन् बापाचं नाव रणजीत. ही जन्मली तवा त्येच नाव व्हतं, दवाखान्यातल्या कागदावर बी त्येच हाये." भरल्या तांड्यात बायकोनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं, पण त्या क्षणी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. याडीनं पदर मागं सारला आणि तांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात तीनदा म्हणाली, "केसुला मिना रणजीत राठोड!" तिसऱ्या वेळेला तिचा आवाज चिरकला. गूळ वाटला.

मला मात्र हाक मारली नाही. मी विचारलं तर पोरीला म्हणाली, "तुजं नाव येगळं, बाई. तुज्या बापाचं सरकारात जे हाये, त्ये हाये."

दुसऱ्या दिवशी आम्ही नोंदणीच्या खिडकीवर गेलो. मिनानं अर्ज दिला, सही केली. दवाखान्याच्या नोंदीत बापाचं नाव आधीच रणजीत. दहा मिनिटांत काम झालं. ज्या कामासाठी मी वर्ष घालवलं ते दहा मिनिटांत! साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही कोण?" म्हटलं, वडील. त्यांनी माझं आधार हातात घेतलं, नोंद बघितली, परत आधार बघितलं, आणि अगदी आदरानं म्हणाले, "थावरा मोहनसिंग राठोड. अच्छा, म्हणजे तुम्ही यांच्या वडिलांकडचे का?"

काय सांगणार? माझ्या पोरीला बाप मिळाला होता, पक्का, शिक्क्याचा. फक्त तो मी नव्हतो.

तिथून तडक निलमच्या दुकानात. याडी आणि मिना पोरीला घेऊन बाकावर बसल्या. निलमनं माझी फाईल उघडली आणि चष्म्यावरून बघितलं. "आधी रणजीत, मग थावरा, आता परत रणजीत. सर, कारणाच्या रकान्यात काय लिहू? वाचणारा विचारीन."

मी घसा साफ केला. कार्यालयीन भाषेत मी बरं लिहितो. म्हटलं, "लिहा, कौटुंबिक व प्रशासकीय अडचणींच्या अनुषंगाने..." आणि पुढं शब्दच सुचेना. मागं याडी पदर ओढून बसलेली. मी म्हटलं, "राहू द्या ते. लिहा, आईला हाक मारता येत नाही."

निलमनं एकदा याडीकडं बघितलं, आणि काही न विचारता जसंच्या तसं टाइप केलं. बटण दाबलं. याडीनं बाकावरून विचारलं, "पोरी, झालं का सरकारात?"

अर्ज मंजूर व्हायला दिवस लागतात, छापून यायला आणखी लागतात, हे निलमला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती म्हणाली, "झालं, आजी. पोचलं."

याडीनं पदर मागं टाकला. उठून माझ्यासमोर आली. वर मान करून माझ्याकडं बघितलं आणि मग फुटलीच. "रणज्या! मेल्या, दाढी केवढी वाढवली रे? शर्टाचं बटन तुटून म्हैना झाला, दिसत न्हाई का तुला? त्या दिशी ताटात भाजी टाकून उठला, मी पाह्यलं न्हाई व्हय? थंडीत बिना स्वेटराचा हिंडून राहिला! लेकरू वरीसभर बिननावाचं ठेवलं, रणज्या, बायकूला तकलीफ, मला तकलीफ, आन् वर मलाच इचारतो, जेवलीस का!" दोन महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. दुकानातली रांग ऐकत होती, रस्त्यावरची दोन माणसं थांबून ऐकत होती. मी मान खाली घालून उभा होतो, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात वर केला तर ती म्हणाली, "नखं बघ!"

"व्हय याडी," मी म्हणालो. तिचं अजून संपलं नव्हतं.